नागपूरकर आळशी, पुणेकर खोचक, बिहारी यूपीएससीवाला: यातलं खरं किती?

हिंगणारोड
सोम, 21/04/2025 - 22:40

मार्चअखेरीस आमच्या ऑफिसात पुण्याहून नवे साहेब बदलून आले. माणूस सरळ आहे, कामाला वाघ आहे. परवा दुपारी अडीचला खिडकीशी उभे राहून म्हणाले, "रस्त्यावर चिटपाखरू नाही हो. नागपुरात दुपारी सगळे झोपतात वाटतं!" बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. साहेब बोलले की येतं ते हसू.

घरी आल्यावर मात्र वेगळंच आठवलं. आमच्याकडे पाटण्याचा एक ट्रेनी मुलगा आहे. तो रुजू झाला त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, "काय रे, यूपीएससीचा नाद सोडून इकडे कसा?" तेव्हा तोही हसला होता. अगदी तसंच.

तेव्हापासून डोक्यात चाललंय की आपण प्रांतांवर, देशांवर हे जे शिक्के मारतो (वैदर्भीय आळशी, पुणेकर खोचक, सिंधी पक्का धंदेवाला, जर्मन शिस्तीचा, जपानी कामसू), त्यात तथ्य किती? धूर आहे म्हणजे कुठेतरी आग असेलच ना? की नाही? जाणकारांनी लिहावं. अनुभव चालतील, विनोदही चालतील, पण वाद पेटवून धाग्याचा काश्मीर करू नका.

तर्री_मारके
सोम, 21/04/2025 - 23:05

कायले टेन्शन घेऊन राहिला भाऊ! झोपतो त झोपतो. 44 डिग्रीत रोडवर फिरते तो कामसू नाही, भैताड असते. अन् पुण्याच्या माणसानं दुपारच्या झोपेवर बोलावं? एक ते चार दुकान बंद कोणाचं राहते बाप्पा?

कोथरूड_ते_वर्धारोड
मंगळ, 22/04/2025 - 08:12

आलं का आमच्या दुकानावर! तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून नागपुरात आलो, तेव्हा डोक्यात गाठोडं बांधूनच आलो होतो: इथले लोक रोज सावजी खातात, दर वाक्यात 'बे' म्हणतात आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात भाजीवालीने विचारलं, "सांबार टाकू का?" मी म्हटलं, नको, आम्ही घरी डोसे करत नाही. ती माझ्याकडे असं बघत राहिली की विचारू नका. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. शिक्क्यांच्या गाठोड्यात उपयोगाची माहिती कधीच नसते, हा माझा अनुभव.

सावजीचं म्हणाल तर शेजारच्या काकूंकडे रोज वरण-भात, पोळी आणि पातळभाजी. सावजी त्यांनी आयुष्यात दोनदा खाल्लंय आणि दोन्ही वेळा पाहुण्यांसाठी.

तर्री_मारके
मंगळ, 22/04/2025 - 08:20

डोसे! 😂 हे आजच ग्रुपवर टाकतो.

विणकराचा_नातू
मंगळ, 22/04/2025 - 09:47

सावजीचा विषय निघालाच आहे म्हणून. ते मुळात अख्ख्या नागपूरचं जेवण नव्हतंच. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं ते. हातमाग बसत गेले, तशी काही घरांनी खानावळ घातली. बाहेरचा माणूस खानावळीतच जेवणार, कोणाच्या स्वयंपाकघरात नाही. मग 'नागपूर म्हणजे तिखटजाळ' हा शिक्का. एका जमातीचं ताट सगळ्या शहराच्या नावावर चढलं. आम्हाला वाईट वाटत नाही, धंदा होतो. पण रोज तेच खात असतो तर आजोबा नव्वदीला टेकले नसते.

आकडेमोड
मंगळ, 22/04/2025 - 13:30

धागाकर्त्याने 'धूर आहे म्हणजे आग' म्हटलंय, त्यावर थोडं.

या प्रश्नावर रीतसर संशोधन झालं आहे. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात 49 संस्कृतींचा एक अभ्यास आला. सुमारे 4,000 लोकांना विचारलं, तुमच्या देशातला नमुनेदार माणूस कसा असतो? चिडका, मनमिळाऊ, शिस्तीचा वगैरे. मग त्याच देशांतल्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ती उत्तरं ताडून पाहिली. मेळ जवळजवळ बसलाच नाही. मजेदार जोडी कॅनडा आणि अमेरिकेची. कॅनडावाले स्वतःला नम्र समजतात, अमेरिकावाले स्वतःला आक्रमक. चाचण्यांत दोघं जवळपास सारखे निघाले.

म्हणजे परक्यांबद्दलच नाही, माणसं स्वतःच्या देशाबद्दलही चुकतात. आपणच आपल्यावर 'आम्ही बाप्पा आरामशीर लोक' असा शिक्का मारून घेतो ना, तो त्यातलाच.

गोरेवाडा
मंगळ, 22/04/2025 - 14:02

आकडेमोड, इथे एक पाचर मारतो. त्या चाचण्या म्हणजे प्रश्नावल्या. 'तुम्ही वक्तशीर आहात का?' याचं उत्तर माणूस कोणाशी तुलना करून देतो? शेजाऱ्याशीच. वक्तशीर गावातला ढिला माणूस स्वतःला ढिला म्हणेल. ढिल्या गावातला तोच माणूस स्वतःला घड्याळाचा काटा समजेल. मग देशादेशांतला फरक प्रश्नावलीत दिसणार कसा?

उलटा पुरावाही आहे. 1999 सालच्या एका अभ्यासात 31 देशांतली मोठी शहरं घेतली. तिथली माणसं फुटपाथवर किती झपाझप चालतात, पोस्टातला कारकून तिकीट किती वेळात देतो आणि सार्वजनिक घड्याळं किती बरोबर असतात हे मोजलं. स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी, जपान सर्वात वर. मेक्सिको तळाला. म्हणजे वागणूक मोजली की काही शिक्के खरे निघतात.

आकडेमोड
मंगळ, 22/04/2025 - 14:25

मान्य. तुलनेचा मुद्दा पक्का आहे आणि तो घेऊन नंतर वादही झाला. पण याच अभ्यासात थंड हवेची आणि श्रीमंत शहरं वेगवान निघाली. मग तो 'जर्मन स्वभाव' म्हणायचा की थंडी आणि पगार?

इतिहासाचा_नाद
मंगळ, 22/04/2025 - 21:15

थंडीचा विषय निघाला की मला माँतेस्क्यूची मेंढी आठवते. 1748 सालचा हा फ्रेंच विचारवंत. त्याने मेंढीची अर्धी जीभ गोठवली, भिंगातून पाहिली, वरचे दाणे आकसलेले दिसले. एवढ्यावरून सिद्धांत: थंड मुलखातली माणसं दणकट, उष्ण मुलखातली आळशी आणि गुलामीला राजी. एका मेंढीच्या जिभेवर आपला सगळा आशिया तोलला गेला.

आणि 'कामसू जपानी' म्हणता? हा-जून चांग या कोरियन अर्थतज्ज्ञाने 1915 सालचा एक दाखला दिला आहे. एका ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने जपानचे कारखाने पाहून तिथल्या सरकारला सुनावलं की तुमची माणसं ढिली आहेत, वेळेची त्यांना किंमत नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज प्रवासी जर्मनांना मंद आणि आळशी म्हणत. आधी कारखानदारी आली, शिस्त तिच्या मागून आली. मग आपण म्हणायला लागलो की शिस्त त्यांच्या रक्तातच आहे.

नागपूरचंच घ्या. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मजूर खाडे फार करायचे. मुंबईच्या मानाने इथला माणूस ढिला, अशी तक्रार तेव्हाही होती. टाटांनी दंडुका उगारला नाही. बक्षिसं ठेवली, 1886 साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई सुरू केली. माणसं टिकली आणि गिरणी शंभरावर वर्षं चालली. आता हाच 'आळशी' नागपूरकर भोंगा वाजायच्या आत फाटकात उभा असायचा हे माझ्या आजीने पाहिलंय, तिचे वडील तिथेच होते.

तर्री_मारके
मंगळ, 22/04/2025 - 21:31

म्हणजे पगार अन् पेन्शन दिलं की आम्ही उठतो. साहेबाले सांग बे हिंगणा.

मोर्शीकर
बुध, 23/04/2025 - 06:10

मी मोर्शी तालुक्यातला. संत्रा आणि कपाशी दोन्ही आहे घरी. 'विदर्भातला शेतकरी आळशी' हे मी मंत्रालयाच्या लिफ्टमध्येही ऐकलंय आणि लग्नाच्या पंगतीतही. म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर माफी.

पुण्या-मुंबईचा पाहुणा आमच्याकडे येतो कधी? मुलांना सुट्ट्या लागल्या की. एप्रिल-मे. गावात शिरतो तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. त्याला दिसतं काय, तर पारावर पंधरा-वीस माणसं बसलेली, कोणी बिडी ओढतंय, कोणी आडवा झालाय. झालं, शिक्का तयार. त्याला हे माहीत नसतं की यातला निम्मा माणूस पाचला वावरात जाऊन नांगरट नाहीतर वखरणी उरकून दहाला घरी आलाय, कारण अकरानंतर बैलही उभा राहत नाही.

आणि दुसरा निम्मा खरंच रिकामा आहे. हेही कबूल केलं पाहिजे. काऊन रिकामा? कोरडवाहू वावरात कपाशी जूनमध्ये लागते. वेचा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतो. मग पऱ्हाटी उपटली की वर्ष संपलं. पाणी नाही म्हणजे दुसरं पीक नाही. ज्याच्या वावरात कालव्याचं पाणी येतं त्याचा ऊस बारा महिने उभा असतो, म्हणून तोही बारा महिने उभा दिसतो. दोघांचे स्वभाव बदलून टाका, चित्र तेच राहील. मागे पडलेल्या भागांच्या विकासाच्या अनुशेषाचा हिशेब मांडायला दांडेकर समिती नेमली, तिचा अहवाल 1984 चा. तेव्हा मी शाळेत होतो, आता माझा मुलगा नोकरीला लागला.

संत्र्याचं तर आणखीच. मृग बहार घ्यायचा असला तर उन्हाळ्यात बागेला मुद्दाम ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं गळतात. जूनचा पाऊस पडला की फुलावर येतं. एकदा नागपूरहून आलेले माझे साडूच म्हणाले, "बाग वाळून चालली अन् तुम्ही खाटेवर पडले!" त्यांना कसं समजावू की त्या महिन्यात खाटेवर पडणं हेच काम आहे. पाणी सोडायला हात शिवशिवतात, धीर धरावा लागतो.

म्हणून मी 'धूर खोटा' असं म्हणत नाही. पाहुण्याने जे पाहिलं ते खरंच पाहिलं. कशामुळे, ते मात्र त्याने घरून ठरवून आणलं होतं. 2006 ला पंतप्रधानांनी आमच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हाही तेच ऐकलं: यांना पैसा द्या नाहीतर काही द्या, हे दारूत आणि लग्नात उडवणार. माझ्या गावात ज्यांनी जीव दिला त्यातले दोघं माळकरी होते.

आळशी माणसं आहेत हो. माझा एक चुलतभाऊ आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढता येईल.

झाडीची_लेक
बुध, 23/04/2025 - 10:33

मोर्शीकर, वाचून गप्प झाले. एक भर घालते. बाहेरचे 'वऱ्हाडी' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ. नागपूर वऱ्हाडात येत नाही, आणि आमचं गोंदिया-भंडारा तर झाडीपट्टी. आमच्याकडे कापूस नाही, धान. चिखलात कमरेत वाकून रोवणा (भातलावणी) करणाऱ्या बाईला कोणी आळशी म्हणून दाखवावं.

आता स्वतःच्या पदराखालचंही सांगते. नागपूरच्या कॉलेजात मी होते तेव्हा नागपूरच्या मुली आमच्या बोलीवर हसायच्या. त्याच मुली पुण्याला नोकरीला गेल्या आणि 'करून राहिली' म्हटलं की तिथे लोक हसतात म्हणून फोनवर रडायच्या. मला थोडं बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

कोथरूड_ते_वर्धारोड
बुध, 23/04/2025 - 11:05

एक शिक्का मात्र मला शंभर टक्के खरा आढळला. नागपूरचा मराठी माणूस अनोळखी माणसाशी हिंदीत सुरू होतो. रिक्षावाला मराठी, मी मराठी, दोघं दहा मिनिटं हिंदीत घासाघीस करतो आणि उतरताना त्याचा फोन वाजतो, "हाव, येऊन राहिलो माय."

इतिहासाचा_नाद
बुध, 23/04/2025 - 11:40

खरा आहे आणि कारणही आहे. 1861 ला मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. 1903 पासून वऱ्हाडचा कारभारही त्यालाच जोडला. 1956 पर्यंत हे शहर जबलपूर, रायपूर, बिलासपूरची राजधानी होतं. कचेरीत, कोर्टात, बाजारात पलीकडचा माणूस हिंदी बोलणारा असण्याची शक्यता निम्मी. शंभर वर्षांची सवय आहे. पुण्याच्या माणसाला ती 'मराठीचा अभिमान नाही' अशी दिसते.

बेड्यावरून
गुरु, 24/04/2025 - 00:18

सगळं वाचलं. सांबार-डोसा वाचून हसलो पण.

मी फासेपारधी आहे. आमच्यावरचा शिक्का कोणी पंगतीत मारला नाही, कायद्यात लिहिला. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरवला. मूल जन्मालाच गुन्हेगार म्हणून यायचं. ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. देश 1947 ला स्वतंत्र झाला. आमच्यासारख्यांवरचा तो कायदा उठला 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं उशिरा.

आता कायदा नाही. पण गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी बेड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, येते. मी पदवीधर आहे, नागपुरात नोकरी करतो. 2019 मध्ये खोली बघायला गेलो. घरमालक चांगले बोलले, चहा दिला, आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की खोली पुतण्याला द्यायची ठरली. बोर्ड महिनाभर लटकलेला होता.

तुमचा आळशीपणाचा शिक्का तुम्हाला झोंबतो हे मला कळतं. पण तो लागूनही तुम्हाला खोली मिळते.

हिंगणारोड
गुरु, 24/04/2025 - 09:02

बेड्यावरून, काय लिहू सुचत नाही. धागा काढताना मी हे लक्षातच घेतलं नव्हतं.

तर्री_मारके
गुरु, 24/04/2025 - 09:10

भाऊ, मस्करी बाजूला. घर पाहिजे असन त मले व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आमच्या वरची खोली जूनमध्ये खाली होऊन राहिली.

विणकराचा_नातू
गुरु, 24/04/2025 - 10:26

सरकारने मारलेला शिक्का म्हटल्यावर दुसरा आठवला. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी त्याच फौजेत सुभेदार होते. 1857 नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाची यादी डोक्यात घेतली आणि 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद केली. काल लढणारी माणसं आज कागदावर लढाऊ राहिली नाहीत. मग महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. रक्त तेच, गरज वेगळी.

भगतसिंग_नाही_मी
गुरु, 24/04/2025 - 12:50

सगळे शिक्के खोटे हे म्हणणंही एक फॅशन झाली आहे. सिंधी धंद्यात पुढे आहेतच, त्यांच्या वस्तीत, जरीपटक्यात, जाऊन बघा. आणि बिहारी... [मजकूर संपादित]

संपादक
गुरु, 24/04/2025 - 13:05

वरील प्रतिसादाचा उत्तरार्ध काढला आहे. समूहावर चिखलफेक नको. मुद्दा असेल तर मांडा.

झाडीची_लेक
गुरु, 24/04/2025 - 13:40

जरीपटक्याचं मी सांगते, माझं माहेर आता तिथून जवळच आहे. फाळणीत सिंध पाकिस्तानात गेला. पंजाब आणि बंगालच्या निर्वासितांना निदान अर्धा प्रांत इकडे होता, सिंध्यांना एक गावही नाही. जमीन नाही, ओळखीचा पाटील नाही, मग उरतं काय? हातगाडी, दुकान. शेजारच्या आजी अंगावरच्या दोन बांगड्या घेऊन आल्या होत्या. त्यांचा नातू व्हायोलिन शिकवतो आणि हिशेबात इतका कच्चा आहे की फीचा हिशेब आजीच ठेवायच्या.

गोरेवाडा
गुरु, 24/04/2025 - 16:22

शिक्का चुकीच्या बातमीला कसा पाय फोडतो याचं ताजं उदाहरण. गेल्या वर्षी मेअखेरीस देशभर बातमी फिरली: नागपूर 56 अंश! मला दिल्लीहून फोन, जिवंत आहेस ना? हवामान खात्याने नंतर सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शिमल्यात 56 दाखवले असते तर पहिल्या मिनिटाला कोणीतरी यंत्र तपासलं असतं. नागपूर म्हटल्यावर लोकांना वाटलं, असेल बुवा.

(अवांतर: तरी पारा कधीमधी 47 च्या वर जातोच म्हणा. एवढी शिवी आम्ही कमावलेली आहे.)

मोर्शीकर
गुरु, 24/04/2025 - 20:05

56 ची बातमी आमच्या साडूंनी पण पाठवली होती.

हिंगणारोड
शनि, 24/05/2025 - 21:48

महिन्याने धागा वर काढतोय, राग मानू नका.

पाटण्याच्या पोराला मी चहाला नेलं आणि त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल बोललो. तो म्हणाला, "सर, यूपीएससी मेरे बड़े भैया ने तीन बार दी है. मुझे तो नींद प्यारी है." मग म्हणाला, घरून निघताना आईने बजावलं होतं की महाराष्ट्रात बिहारी म्हणून मार खाशील, तर जपून राहा. पहिले दोन महिने तो ऑफिसात कोणाशी बोलायचा नाही ते त्यामुळे. मला वाटायचं मुलगा शिष्ट आहे.

साहेबांचं अपडेट: उद्यापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापणारे नऊ दिवस. गेल्या सोमवारपासून साहेब सकाळी साडेसातला येतात, दुपारी दीड ते चार केबिनचा पडदा ओढलेला असतो. आत काय चालतं ते मी विचारलेलं नाही. काल मात्र बाहेर येऊन हळूच विचारत होते, घरच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या चांगल्या की लाकडी भुश्याच्या, आणि मिळतात कुठे.

तर्री_मारके
शनि, 24/05/2025 - 21:55

वाळ्याच्या घे म्हणा. अन् बर्डीच्या बाजारात संध्याकाळी जा म्हणा, दुपारी दुकानदार झोपते.